फुलराणीचा क्लास कुणी घेतला?

माधवनगरची पोरगी कॉलेजला येताना मैत्रिणीला फोनवर सांगते, "अगं मी आलो बघ, कॉलेज कॉर्नरला उतरालोय." इथं कुणाची मान वळत नाही. सांगली-कोल्हापूरकडं मुलींनी 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणणं इतकं रोजचं आहे, की त्यात काही वेगळं आहे हेच आपल्याला कळत नाही. कळतं ते पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या रात्री. समोरची रूममेट हसते आणि विचारते, "आलो? तू मुलगा आहेस का?" पुढच्या पंधरा दिवसांत ती पोरगी 'आले, गेले, जेवले' शिकते, 'करालाय'चं 'करतोय' करते, 'व्हय'चं 'हो' करते आणि बऱ्याचदा एकदम गप्पच होते. वर्गात हात वर करत नाही. ग्रुप डिस्कशनला शेवटच्या खुर्चीत बसते. मार्क उत्तम, पण तोंड बंद. तुमच्यातल्या कित्येकांना हे मी सांगायची गरज नाही, तुमच्याच घरात एखादी ताई किंवा दादा असा गप्प होऊन आलेला असेल.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि भक्ती बर्वेंचा काय संबंध? आहे. आणि तो बाई सांगलीत जन्मल्या एवढ्यापुरता नाही. त्यांचा जन्म इथला, 10 सप्टेंबर 1948 चा, पण कारकीर्द सगळी मुंबईची. त्यामुळं 'आपली सांगलीची लेक' असा बॅनर लावून मोकळं व्हायचा माझा विचार नाही. असले बॅनर आपण लई लावतो आणि ज्याच्या नावानं लावतो त्याचं काम कधी बघत नाही. मला बोलायचं आहे ते या बाईंनी आवाजाचं आणि भाषेचं काय केलं त्याबद्दल.

भक्ती बर्वे हे नाव तुमच्या पिढीला दोन ठिकाणी भेटतं. एक, युवा महोत्सवाच्या किंवा एकपात्री स्पर्धेच्या तयारीत कुणीतरी यूट्यूबची लिंक पाठवतं आणि म्हणतं, "हे बघ, फुलराणीचं स्वगत." दुसरं, 'जाने भी दो यारो' बघताना. तिथं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, की ती रुबाबदार संपादक शोभा सेन म्हणजे आपली फुलराणी. मला या दोन भूमिका शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत.

आधी फुलराणी. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं. 1975 साली ते रंगमंचावर आलं. नाव घेतलं बालकवींच्या कवितेवरून, पण गोष्ट थेट आपल्या रस्त्यावरची. फुलं विकणारी मंजुळा साळुंखे आणि भाषेचे प्राध्यापक अशोक जहागीरदार. प्रोफेसर पैज लावतात, की या गावंढळ पोरीला काही महिन्यांत अशी शुद्ध मराठी शिकवीन की ती मोठ्या घरची वाटेल. सतीश दुभाषी प्रोफेसर, भक्ती बर्वे मंजुळा. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, 'माय फेअर लेडी' हा सिनेमा तर सगळ्या जगानं बघितला. प्रोफेसर जिंकतात, पोरगी बोलायला लागते, आणि मग ती विचारते, की आता माझं काय? मी आता ना इकडची, ना तिकडची.

या नाटकाचा जो अर्थ शाळा-कॉलेजांतून सांगितला जातो तो मला कधीच पटलेला नाही. अर्थ असा, की शुद्ध बोला म्हणजे प्रगती होईल. म्हणजे मंजुळा आधी चुकीची होती, प्रोफेसरांनी ती दुरुस्त केली. पंक्चर काढावं तसं. पण रंगमंचावर खरोखर काय घडत होतं ते बघा. नाटकात फुलवालीला प्रमाण मराठी शिकवतात. पण नाटकाबाहेर, तालमीच्या हॉलमध्ये, गोष्ट नेमकी उलटी होती. भक्ती बर्वे आकाशवाणीच्या निवेदिका, नंतर मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या. म्हणजे त्या काळात महाराष्ट्रात 'शुद्ध मराठी' ज्या आवाजांतून ऐकू यायची त्यांतला एक आवाज त्यांचा. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. चॅनेल एकच, त्यामुळं बातम्या वाचणाऱ्या बाईचा उच्चार हा घरोघरी नमुनाच असायचा. आडनाव बर्वे, आवाज बातम्यांचा. प्रोफेसर जहागीरदारांकडं शिकायला जायची या बाईंना काहीच गरज नव्हती. नाटकाच्या शेवटी मंजुळा जिथं पोचते तिथून बाईंची सुरुवात होती.

मग त्या काय शिकल्या? पहिला अंक. रस्त्यावरची मंजुळा. 'न' आणि 'ण'ची अदलाबदल, शब्द ओढायची पद्धत, वाक्याच्या शेवटी येणारा हेल, कमरेवर हात ठेवल्यावर आवाज कुठून निघतो ते. ही भाषा त्यांच्यासाठी परकी होती आणि तीच त्यांना मिळवावी लागली. नाटकात आपल्याला प्रोफेसरांचा क्लास दिसतो. बाईंचा क्लास दिसत नाही. तो क्लास घेणाऱ्या होत्या मुंबईच्या रस्त्यावर, बाजारात, चाळीत बोलणाऱ्या बायका, ज्यांची नावं कुठल्याच जाहिरातीत आली नाहीत. बातम्यांचा आवाज असलेली एक नटी त्यांच्या भाषेची विद्यार्थिनी झाली म्हणून मंजुळा उभी राहिली.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडं शिकणं हे नेहमी एकाच दिशेनं धरलं जातं. खेड्यानं शहराचं शिकायचं. माधवनगरनं पुण्याचं, पुण्यानं मुंबईचं, मुंबईनं इंग्रजीचं. उलट्या दिशेनं कुणी शिकलं तर त्याला आपण 'नक्कल' म्हणतो, 'विनोदी भूमिका' म्हणतो. टीव्हीवरच्या मालिका बघा. कोल्हापुरी हेल काढून बोलणारा माणूस एकतर पैलवान, नाहीतर खलनायकाचा डावा हात, नाहीतर घरकाम करणाऱ्या मावशी. डॉक्टर, वकील, कलेक्टर मात्र सगळे एकजात पुण्यात वाढल्यासारखे बोलतात. प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्यात केवढे डॉक्टर 'काय हुतंय बघू' म्हणत स्टेथोस्कोप लावतात! आणि रील्स? तिथंही 'नाद खुळा' चालतं ते हसवण्यापुरतं. गंभीर बोलायचं झालं की तोच रीलवाला एकदम सदाशिव पेठेत शिरतो.

मंजुळेलाही लोक आधी हसतातच, हे खरं आहे. पहिल्या अंकात प्रेक्षक तिला हसतो आणि पु. लं.नी ते हसू हक्कानं काढलेलं आहे. पण ते प्रसिद्ध स्वगत आठवा. प्रोफेसरांवर चिडलेली मंजुळा त्यांना कसा धडा शिकवीन याची स्वप्नं रंगवते. त्या क्षणी प्रेक्षक तिला हसत नाही, तिच्याबरोबर हसतो. आणि ते स्वगत कुठल्या भाषेत आहे? शिकवलेल्या नाही, तिच्या स्वतःच्या. अख्ख्या नाटकातला सगळ्यात लक्षात राहिलेला तुकडा 'अशुद्ध' मराठीत आहे. 'शुद्ध' मंजुळेची किती वाक्यं तुम्हाला आठवतात? मला तर पटकन एकही आठवत नाही.

मंजुळा नंतरही बऱ्याच जणींनी केली. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी. गुजरातीत तर सरिता जोशींची 'संतू रंगीली' गाजलेली आहे. प्रत्येकीची मंजुळा वेगळी वाटते, आणि वाटलीच पाहिजे, कारण प्रत्येकीनं वेगळी रस्त्यावरची बाई ऐकलेली असणार.

आता दुसरी भूमिका. कुंदन शाहांचा 'जाने भी दो यारो', साल 1983. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भोळे फोटोग्राफर, पंकज कपूर हा बिल्डर तरनेजा, सतीश शाह कमिशनर डिमेलो, ओम पुरी आहुजा. आणि 'खबरदार' या मासिकाची संपादक शोभा सेन म्हणजे भक्ती बर्वे. सिनेमा आला तेव्हा फार चालला नाही, पुढं मात्र त्याची पारायणं झाली. शोभाचं बोलणं बघा. संथ, सुसंस्कृत, वजनदार. दोन भोळ्या पोरांना ती भ्रष्टाचार उघडा पाडायच्या कामावर लावते. तिच्या त्या बोलण्यावरच पोरांचा विश्वास बसतो, आपलाही बसतो. आणि मग कळतं, की ही बाई पुरावे छापण्यासाठी नाही, तर बिल्डरकडून पैसे काढण्यासाठी गोळा करतेय.

बघा हं काय झालं ते. ज्या आवाजात बाईंनी महाराष्ट्राला बातम्या सांगितल्या, ज्या आवाजावर घराघरानं विश्वास ठेवला, त्याच जातीचा आवाज त्यांनी एका ब्लॅकमेलर संपादकाला दिला. आणि ज्या भाषेला जग फिदीफिदी हसतं ती मंजुळेला दिली, जी नाटकातली सगळ्यात सरळ माणूस आहे. हे बाईंनी ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. नटीला भूमिका मिळतात, ती त्या करते. पण दोन्ही एकाच गळ्यातून निघाल्या, त्यामुळं आपल्याला एक गोष्ट लख्ख दिसते. बातम्यांचा आवाज हाही एक पोशाखच आहे. तो घालता येतो, काढता येतो, आणि तो घातलेला माणूस सज्जन असतोच असं नाही. पुण्यातल्या त्या पहिल्या रात्री आपण नेमकं हेच विसरतो. समोरची शुद्ध बोलतेय म्हणजे ती जास्त हुशार, जास्त खरी, जास्त चांगली, असं आपण गृहीत धरून बसतो.

बाईंच्या बाकीच्या कामातही हा भाषेचा धागा सापडतो. सुरुवात सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'मधून, म्हणजे बालनाट्यातून. बालनाट्याला आपण उगाच खालचं मानतो. पोरांपुढं आवाज चोरून चालत नाही, पोरं सरळ गडबड सुरू करतात. पुढं अशोक पाटोळ्यांच्या 'आई रिटायर होतेय'मधली आई. घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी मध्यमवर्गीय बाई, साध्या घरगुती मराठीतली. अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये अतुल कुलकर्णींच्या गांधींसमोर कस्तुरबा. तिथं तर शब्दांपेक्षा गप्प बसणंच जास्त. आणि दूरदर्शनसाठी केलेली बहिणाबाई. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, कधी शाळेत न गेलेल्या, लेवा गणबोलीत ओव्या रचणाऱ्या. त्यांची कविता त्यांच्या पश्चात 1952 मध्ये पुस्तकरूपानं आली आणि अख्खा महाराष्ट्र थक्क झाला. त्या बहिणाबाईंचं काम करायला निवडली कोण, तर बातम्यांचा आवाज असलेली बाई! आज एखाद्यानं असं कास्टिंग केलं तर सोशल मीडियावर दोन दिवस भांडण चालेल, आणि त्या भांडणात दमही असेल. खानदेशातली नटी का नाही, हा प्रश्न रास्तच आहे. पण आपण इथं बघतोय ते वेगळं. मुंबईच्या रस्त्यावरची मंजुळा आणि खानदेशातल्या शेतावरची बहिणाबाई या दोन वेगळ्या भाषा आहेत. 'गावाकडची बोली' असा एकच मसाला दोन्हीवर टाकून भागत नाही. आपले लोक तो सरसकट टाकतात. एकांकिकेत गाव आलं की 'आवं', 'गं बया', 'लई' एवढं पेरलं की झालं. गाव कुठलं? चंदगड की जत? याचा पत्ताच नाही. अहो, जतची पोरं आणि शिराळ्याची पोरं एकाच जिल्ह्यातली असून सारखी बोलत नाहीत!

नाट्यपंढरी म्हणून मिरवणाऱ्या जिल्ह्यात तरी हे कळायला हवं. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' 1843 साली सांगलीत झालं. 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, भावे पदक देतो, फोटो येतात. पण या पंढरीत बाईचा आवाज फार उशिरा आला हे आपण सांगत नाही. सीतास्वयंवरातल्या सीतेचं काम पुरुषानंच केलं. पुढं कित्येक दशकं मराठी बाईनं कसं बोलावं, कसं लाजावं, पदर कसा घ्यावा हे ज्यांच्याकडं बघून शिकावं ते बालगंधर्व, म्हणजे आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस. माणूस थोरच, वाद नाही. पण बाईचा आदर्श आवाज पुरुषाच्या गळ्यातून आला होता. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर नाटकात उभ्या राहिल्या, 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक आल्या, तेव्हा कुठं गोष्ट बदलायला लागली. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी मंजुळा कमरेवर हात ठेवून मराठी रंगमंचावर ओरडली. गाणारी, लाजणारी, सोसणारी बाई आपल्याला तोपर्यंत पाठ झाली होती. बाजारात उभी राहून भांडणारी बाई आणि तिच्या भांडणाला मिळणारी टाळी, हे नवं होतं.

आता एक उलटा मुद्दा, नाहीतर तुम्ही सोयीचं तेवढंच घ्याल. आपल्या बोलीचा अभिमान म्हणजे प्रमाण मराठी शिकायची नाही, असं नाही. 'मी असाच बोलणार, पटलं तर बघा' हे टी-शर्टवर भारी दिसतं. इंटरव्ह्यूला, कोर्टात, वर्गात शिकवताना, परक्या जिल्ह्यातल्या माणसाशी बोलताना दुसरा आवाज लागतो. तो कमवावा लागतो, कष्टानं. बातम्यांचं मराठी भक्ती बर्वेंनाही फुकट मिळालं नसणार. आकाशवाणीच्या माईकपुढं 'श' आणि 'ष' लपवता येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की दुसरा आवाज घेताना पहिला परत करायची अट कुणी घातलेली नाही. अट आपणच घालून घेतो. पुण्याहून दिवाळीला आलेली ताई घरी आईशीसुद्धा 'आले, गेले' करते तेव्हा आई जरा अवघडते. तिला पोरीचं कौतुक असतं आणि पोरगी जरा लांब गेल्याचंही जाणवतं. हे मी शेजारीपाजारी इतक्या वेळा बघितलंय, की आता दिवाळीच्या फराळाबरोबर तेही येणार असं धरूनच चालतो.

दोन्ही आवाज सांभाळणारे कमी नाहीत. सई ताम्हणकर सांगलीचीच, 'मिमी'साठी फिल्मफेअर घेऊन आली, आणि सांगलीकर म्हणून ओळख सांगायला तिला कधी अडचण वाटलेली दिसत नाही. भक्ती बर्वेंना 1990 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पती शफी इनामदार, तेही रंगभूमीवरचे पक्के नट, 1996 मध्ये गेले. त्यानंतरही बाई काम करत राहिल्या. पु. ल. गेल्यावर त्या 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम करायच्या. पंचवीस वर्षं झाली तरी मंजुळा गळ्यात तशीच होती. 12 फेब्रुवारी 2001 ला वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना एक्स्प्रेस-वेवर अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय बावन्न. त्या वयात मराठी नटीला खरंतर चांगल्या, मोठ्या बायकांच्या भूमिका मिळायला सुरुवात व्हायला हवी. आपल्याकडं तशा लिहिल्या किती जातात हा वेगळा लेख होईल.

तर आता युवा महोत्सवाचं. दर वर्षी स्वगताच्या स्पर्धेत चार-पाच फुलराण्या असतातच. परीक्षकांच्या खुर्चीत बसलेला माणूस पहिल्या वाक्याला ओळखतो, की ही यूट्यूबवरची आहे. तोच हेल, तोच श्वास, हात तिथंच कमरेवर. पाठांतर चोख, पण त्यात नकलेची नक्कल ऐकू येते. बाईंनी मुंबईच्या बायका ऐकल्या, तुम्ही बाईंना ऐकता, तुमची ज्युनिअर तुम्हाला ऐकेल. असं करत करत त्या फुलवालीचा आवाज पार विरून जातो.

यंदा घेणारच असाल मंजुळा, तर घ्या. पण लिंक आठवडाभर बंद ठेवा. सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या बायका असतात. सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. पाच-सहा दिवस रोज जा. गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा त्या काय म्हणतात, शेजारणीशी बोलताना आवाज कसा पडतो, नातवाला हाक मारताना कसा चढतो, ते ऐका. मोबाईलवर रेकॉर्ड करत बसू नका, बरं दिसत नाही. हार घ्या, त्या सांगतील तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. त्या क्लासची फी तेवढीच आहे.